मागची पंगत

कुणीच उत्तर दिलं नाही.

मांडवाच्या कापडातून गाळून आलेलं दुपारचं पिवळट ऊन पाच पत्रावळ्यांवर पडलं होतं आणि पाचही माणसं आपापल्या पत्रावळीकडे अशी पाहत होती, की उत्तर तिथेच वाढलं जाणार आहे. भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा होता. रस्त्यापलीकडे उरसातल्या पाळण्याचा भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आणि त्या भोंग्यामुळे मांडवातली शांतता अधिकच उघडी पडली.

प्रश्न महांतेशने विचारला होता. "सर, यादी आली म्हणत्यात. खरं काय?"

कृष्णात रश्श्याची बादली घेऊन पंगतीच्या मधोमध उभा होता. गेली सहा वर्षं तो या माणसांचा साहेब होता. पण उरसाच्या दिवशी कागलच्या या घरात तो वाढपी असे, आणि ही अदलाबदल त्याला मनापासून आवडे. आज मात्र हातातली बादली त्याला जड वाटू लागली.

"आधी जेवा," तो म्हणाला. "यादी-बिदी सगळं उद्या ऑफिसात."

"म्हणजे आली," पूर्णिमा हळूच म्हणाली. ती कुणाला उद्देशून बोलली नव्हती, त्यामुळे ते वाक्य सगळ्यांचंच झालं.

दर वर्षी शाहूपुरीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरचे चौदाच्या चौदा जण उरसाला येत. दोन गाड्या आणि चार मोटरसायकली भरून येत, पाळण्यात बसत, पिराला नारळ देत, आणि जेवताना एकमेकांच्या पत्रावळीतले तुकडे पळवत. यंदा पाचच आले. उरलेल्यांपैकी कुणाला ताप होता, कुणाच्या मुलाची परीक्षा होती, आणि बाकीच्यांनी कारण सांगण्याचेही कष्ट घेतले नव्हते. गेल्या महिनाभरात त्या मजल्यावर माणसं हळूहळू एकेकटी होत गेली होती. चहाच्या मशीनचा करार वाढवला नाही, एवढ्यावरून आठवडाभर कुजबुज चालली. पुण्याहून मनुष्यबळ विभागाची एक मुलगी दोन दिवसांसाठी आली आणि तिने मीटिंगच्या खोलीच्या काचेला आतून कोरे कागद चिकटवले. एका सकाळी एकाचा पासवर्ड चालला नाही. मुदत संपली होती, एवढंच. पण दुपारपर्यंत शेजारचे त्याच्याशी सुतकातल्या घरी बोलावं तसं बोलत होते. डबे एकत्र उघडणं थांबलं. प्रत्येक जण ऑफिसच्या चॅटवर दुसऱ्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पाहायचा आणि तो अजून हिरवा आहे याचं त्याला बरं वाटतं की वाईट, हे त्याचं त्यालाच उमगत नसे.

"अरं, पावण्यांची पानं रिकामी हायत आन तुम्ही पुतळ्यागत काय हुबं राहिलाय?" खुर्चीतून पिराजी आबांचा आवाज आला. कृष्णातच्या वडिलांनी चाळीस वर्षं फाउंड्रीत काढली होती. भट्टीच्या गोंगाटावर चढवलेला त्यांचा आवाज अजून खाली उतरला नव्हता. "राजवीर, भाकरी फिरव. वाढ की त्या पोरीला, लाजतीया ती."

"आबा, तीन झाल्या!" पूर्णिमा पत्रावळीवर हात आडवे धरत म्हणाली.

"तीन म्हंजे सुरवात झाली. ऑफिसात काय खातासा रं तुम्ही, बटणं?"

पंगत हसली. हसू जरुरीपेक्षा मोठं होतं आणि लवकर संपलं.

राजवीर भाकऱ्यांची टोपली घेऊन पुढे सरकला. कृष्णातचा हा चुलतभाऊ, एकोणतीस वर्षांचा. त्याच मजल्यावर, त्याच टीममध्ये, कृष्णातच्याच हाताखाली काम करणारा. त्यालाही सकाळपासून भूक लागली असणार. पण या घरात उरसाला शेवटच्या पावण्याने हात धुतल्याशिवाय घरचं कुणी पानावर बसत नाही. आठ वर्षांचा असताना कृष्णात एकदा पावण्यांच्या ओळीत जाऊन बसला होता. आबांनी त्याला दंडाला धरून उचललं होतं, सगळ्यांदेखत. घरचं मागनं, एवढंच म्हणाले होते. तो दंड पुढे कितीतरी वर्षं त्याला अधूनमधून जाणवत असे. परीक्षेच्या रांगेत, बसच्या दारात, आणि गेल्या मार्चमध्ये संगणकावर तो तक्ता भरताना.

चौदा नावं होती. प्रत्येकाला एक ते पाच यांतला आकडा द्यायचा होता, एक म्हणजे सगळ्यांत खालचा, आणि कंपनीचा नियम असा, की प्रत्येक टीममध्ये कुणाला तरी एक द्यावाच लागे. कामाने राजवीर पहिल्या तिघांत होता. अमेरिकेतल्या विमा कंपनीचं सॉफ्टवेअर दर पंधरवड्याला नव्याने तपासावं लागे आणि राजवीरच्या नजरेतून चूक सुटत नसे. पण जिन्यात, लिफ्टमध्ये, चहाच्या मशीनपाशी 'सरांचा भाऊ' हे दोन शब्द कृष्णातने ऐकले होते. त्याने राजवीरच्या नावापुढे एक लिहिला. तो लिहिताना त्याला अपराधी वाटलं नव्हतं. उलट, त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने आबांच्या डोळ्याला डोळा भिडवला होता, आपण काहीतरी शिकलो आहोत अशा समाधानाने. पगारवाढ एक वर्ष चुकेल, पुढच्या वर्षी भरून काढू. घरचा माणूस आहे, समजून घेईल. समजून घेण्यासाठी त्याला सांगावं लागेल, हे मात्र कृष्णातच्या मनात आलं नव्हतं.

गुरुवारी पुण्याच्या साहेबांनी पडद्यावरून कामावरून कमी करायच्या माणसांची यादी वाचून दाखवली. प्रत्येक टीममधला ज्याला एक आकडा आहे, तो. "राजवीर. तुमच्या नात्यातलाच ना?" साहेब म्हणाले होते. "तुमच्या निःपक्षपातीपणाचं मला कौतुक वाटतं." नाव बदलायचं असेल तर सोमवारी सकाळी दहापर्यंत. यादीतली माणसं मात्र तेवढीच राहिली पाहिजेत.

राजवीरचं नाव काढलं, तर एकच्या वर दोन. दोन हा आकडा साऱ्या तक्त्यात एकाच नावापुढे होता. आई आजारी म्हणून मार्चआधी दोन महिने महांतेश निपाणीहून रोज उशिरा येत होता. त्याला तीन देता आले नव्हते.

"सर," महांतेश पत्रावळीवरून वर पाहत म्हणाला, "मसूर आणखी मिळंल काय थोडा? वहिनींच्या हातचा वर्षातनं एकदाच मिळतोय."

*

आतल्या स्वयंपाकघरात कृष्णातची बायको संयोगिता दुसऱ्या शेगडीपाशी उभी होती. महांतेशच्या घरी मांस चालत नसे. म्हणून त्याच्यासाठी सहा वर्षं उरसाला वेगळी शेगडी मांडली जाई आणि वेगळ्या पातेल्यात अख्खा मसूर शिजे. पहिल्या वर्षी त्याला संकोच वाटला होता. आता तो हक्काने दुसऱ्यांदा मागत असे, आणि त्या मागण्याने संयोगिताला बरं वाटे. साऱ्या उरसात त्या एका पातेल्यापुरतं तरी कुणीतरी खास तिच्याकडे मागत होतं.

"पळी येगळी घे हां," मागून झुंबरबाई म्हणाल्या. राजवीरची आई, संयोगिताची चुलतसासू. "निपाणीच्या पोराला मटणातली पळी लावशील, आन तोंडानं काय बोलायचं न्हाय बिचारं."

"वेगळीच घेतलीय, काकी."

"लई गुणाचं पोरगं." झुंबरबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "आमचा राजू पुण्यात होता तवा असाच कुणाच्या तरी दारात जाऊन जेवत असंल न्हवं? चार वरसं. मी हितं ताट वाढून घ्यायची आन मला वाटायचं, त्यो काय खात असंल. तुझ्या मालकानं आणलं त्येला परत. नोकरी सोडायला लावली तवा मी मनातनं भ्याले व्हते. पर आता रोज सांजचं तोंड दिसतंय. आणि काय पाहिजे?"

संयोगिताने मसूर वाढून घेतला. तिच्या मनात एक संशय होता, तीन दिवसांचा. गुरुवारपासून कृष्णात राजवीरकडे पाहत नव्हता. रोज दोघं एकाच गाडीने कोल्हापूरला जात, पण शुक्रवारी कृष्णात लवकर काम आहे म्हणून पहाटेच निघून गेला. जेवताना त्याची नजर भावाच्या ताटापर्यंत जाई आणि तिथून परत फिरे.

वाटी महांतेशच्या पानावर ठेवून ती परसदारी आली. कृष्णात पाण्याच्या टाकीपाशी बादली विसळत होता. केव्हाच स्वच्छ झालेली ती बादली तो पुन्हा पुन्हा विसळत होता.

"राजवीरभाऊजींचं नाव हाय त्यात?" तिने सरळच विचारलं.

त्याने नळ बंद केला. "कोण म्हणालं?"

"तुमचं तोंड म्हणालं. हाय काय?"

"हाय."

"कुणी घातलं?"

त्याने बादली पालथी घातली. मग त्याने सगळं सांगितलं. मार्च, तक्ता, एकचा आकडा, जिन्यातली कुजबुज. सांगताना तो एखाद्या त्रयस्थ माणसाची हकीकत सांगावी तसा सलग, नीटनेटक्या वाक्यांत बोलत गेला, आणि संयोगिताला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.

"घरचा म्हणून?" ती म्हणाली. "घरचा म्हणून शेवटी घातलात?"

"मला वाटलं, पगारवाढीपुरतंच..."

"त्यांना विचारलं होतंत?"

"त्याला काय विचारायचं? घरचाच हाय की."

"बदला मग. उद्या दहापर्यंत वेळ हाय म्हणताय न्हवं?"

"बदललं तर महांतेश."

परसातून मांडवाची एक कड दिसत होती. तिथे महांतेशची पाठ दिसत होती, किंचित वाकलेली. तो वाटी बोटाने पुसून खात होता.

"मला विचारू नका," संयोगिता शेवटी म्हणाली. "मी घरचंच नाव वाचवा म्हणणार. आणि एकदा मी तसं म्हणलं, की जन्मभर ते माझ्या तोंडून निघाल्यासारखं होणार. तुमचं तुम्ही ठरवा."

"तूच असं म्हणलीस तर मी कुणाशी बोलू?"

ज्याचं नाव आहे त्याच्याशी, हे उत्तर तिच्या ओठांवर होतं. पण ती दाराकडे वळली आणि जागीच थांबली. दारात झुंबरबाई उभ्या होत्या. हाताला पीठ होतं. किती वेळ उभ्या होत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

*

पावण्यांची पंगत उठली. पूर्णिमा आणि इतर तिघं पाळणा न पाहताच निघाले. कुणी कुणाला 'उद्या भेटू' म्हणालं नाही. राजवीर आणि महांतेश ओट्यावर टेकले. महांतेशला निपाणीची गाडी पकडायची होती आणि दर वर्षीप्रमाणे राजवीर त्याला स्टँडवर सोडणार होता.

"उद्या काय होतंय कुणास ठाऊक," महांतेश म्हणाला. "आमच्या पोरीला, भूमिकाला, पहिलीत घालायचं हाय यंदा. निपाणीतच घालावं की कोल्हापूरला खोली करावी, तेच ठरंना झालंय. बायको म्हणती, आधी नोकरी ठरू दे."

"तू कशाला भितोस? तुझ्यासारखं क्लायंटशी बोलणारं हाय कोण तिथं?"

"तुझं बरं हाय बघ. तू आत हाईस."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. यादीत कोण हाय ते तुला ठाऊक असणार. सांगू नको, मी विचारत न्हाई."

"मला खरंच काय ठाऊक न्हाय, महांतेश."

"बरोबर हाय. असंच म्हणायला पाहिजे." तो समजूतदारपणे हसला. त्याने वेळ पाहायला फोन काढला आणि राजवीरची नजर सहज पडद्यावर गेली. एक गट होता, 'तिसरा मजला' नावाचा. त्यात तेरा माणसं होती. दिवसभरात आलेले सत्तर निरोप अजून वाचायचे राहिले होते.

महांतेशने फोन पालथा केला. मग त्यालाच ते बरं वाटलं नाही. "पोरं म्हणाली, तुला घेतला तर सगळं सरांपर्यंत जाईल. मी न्हाई म्हणलो होतो. शपथ."

"असू दे की."

"मनावर घेऊ नको."

"न्हाय घेतलं."

राजवीर समोरच्या गल्लीकडे पाहत राहिला. फुगेवाला गेला, मागे एक रडणारं मूल गेलं. पुण्यात असताना तो दहा बाय दहाच्या खोलीत राहायचा आणि भिंतीपलीकडच्या अनोळखी माणसाच्या खोकल्याला सोबत मानायचा. कृष्णातदादा म्हणाला, कशाला परक्या गावात कुजतोस, आपलं माणूस जवळ असावं. तो आला. पहिल्या महिन्यात सगळे त्याच्याशी बोलत. मग तो कुणाचा कोण हे कळलं आणि तो आला की वाक्यं अर्धवट राहू लागली. जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारची खुर्ची नेहमी शेवटी भरे. खिडकीतून खाली शाहूपुरीतली पंपांची दुकानं दिसत आणि तिथे पंप बांधून देणाऱ्या हमालांच्या शिव्या ऐकत तो डबा संपवी. दादा दुरूनच मान हलवी. ऑफिसात नातं दाखवायचं नाही, हे ठरलेलं होतं. एकटेपणा पुण्यातच सुटला असं त्याने आईला सांगितलं होतं. तेरा माणसांना महिनाभर भीती वाटून घेता आली होती, तीही एकमेकांच्या सोबतीने. त्याला त्या भीतीतही कुणी घेतलं नव्हतं.

"गाडीला अजून तास हाय," महांतेश उठत म्हणाला. "तू जेवून घे. पिराच्या पाया पडून आणि पोरीला काहीतरी घेऊन येतो."

आतून आबांची हाक आली. "राजवीर! चला, घरचं बसा आता."

*

घरच्यांच्या पंगतीला पिराजी आबा नेहमी सुखावत. पन्नास-साठ माणसं जेवून गेली आणि तरीही घरच्यांना पुरलं, याचा त्यांना दर वर्षी नव्याने अचंबा वाटे, आणि ते तो मोठ्याने बोलून दाखवत. पिराची कृपा, म्हणत. आज चारच पानं होती. एका बाजूला ते आणि कृष्णात, समोर राजवीर, कडेला संयोगिता. झुंबरबाई वाढत होत्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून. थोरल्या दिरासमोर त्या कधी मान वर करून बोलत नसत. सांगायचं असेल तर पोरांच्या तोंडून सांगत.

"पुरलं बघा," आबा म्हणाले. "यंदा पावणं कमी, पर आधीच्या पंगतींनी काय कमी खाल्लं न्हाय. तरी पुरलं. पिराची..."

"पिराची न्हवं."

आबांना आधी वाटलं, बाहेरून कुणी बोललं. झुंबरबाईंनी जिन्याखालून एक झाकलेलं पातेलं आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि झाकण काढलं. वाफ वर आली.

"हे सकाळीच काढून ठेवलेलं. पयल्या पंगतीच्या आधी. दर वर्सी ठेवती. माझी सासू ठेवायची, तिनं मला दावलं. तुम्ही भायेर म्हनायचं घरचं मागनं, आन आम्ही आत घरच्यांचं आधी काढायचं. म्हनून पुरतंय. कसं पुरतंय, ते एका बापयानं इचारलं न्हाय आजपातूर." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या कृष्णातकडे वळल्या. "तुला अर्धंच ठावं हाय, पोरा. भायेरचं तेवढं शिकलास. राजूचं कुठं काढून ठेवलंस?"

राजवीरने हातातला घास खाली ठेवला. "काय काढून ठेवायचं? आई, काय चाललंय?"

"इचार त्येला."

"काकी, मी सांगणारच होतो," कृष्णात म्हणाला.

"कवा? त्येला दारावरनं परत लावल्यावर?"

मग कृष्णातला सांगावंच लागलं. या खेपेला त्याची वाक्यं सलग आली नाहीत. आबा ऐकत होते. तक्ता आणि आकडे त्यांना फारसे समजले नाहीत. पण 'घरचा म्हणून' हे दोन शब्द त्यांना समजले, आणि ते शब्द कुठून आले हेही. मुलाच्या तोंडून आपलाच आवाज येतो आहे, असं त्यांना वाटलं.

"मी मागनं वाढ म्हनलो," ते म्हणाले. "पान उचल म्हनलो काय रं? आं? कवा म्हनलो?"

"तुम्ही म्हनला न्हाईसा," झुंबरबाई म्हणाल्या. "केलासा."

आबांनी वर पाहिलं. तीस वर्षांपूर्वी फाउंड्रीची जुनी शेड बंद झाली, तेव्हा मालकाने नव्या शेडसाठी माणसं निवडायला पिराजी फोरमनला सांगितलं होतं. त्यांनी आधी गावची माणसं लावली, मग ओळखीची, मग ओळखीच्यांची. धाकटा भाऊ सदा त्याच शेडमध्ये होता. त्याचं नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवलं, आणि शेवटी जागाच उरली नाही. सदा काही बोलला नाही. त्याने टेंपो घेतला, रात्रीच्या खेपा केल्या, आणि राजवीर सात वर्षांचा असताना एका पहाटे निपाणीजवळ हायवेवर तो गेला. गावात मात्र पिराजीचं नाव झालं. सख्ख्या भावाला बाजूला ठेवून गावाचं बघणारा माणूस. ते नाव आबांनी इतकी वर्षं अंगावर चांगल्या कापडासारखं वापरलं होतं. झुंबरबाईंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि त्या बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना पटलं, असं ते धरून चालले होते.

"त्येंचं पान उचललं, तवा मी गप बसले," झुंबरबाई म्हणाल्या. "पोराच्या येळला न्हाय बसायची."

संयोगिता उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आबांना काहीतरी म्हणायचं होतं. इतक्या वर्षांनंतर भावजयीशी थेट कसं बोलायचं, तिला काय म्हणून हाक मारायची, तेच त्यांना आठवेना. त्यांनी पातेल्यात पाहिलं. नीट मोजून काढलेलं होतं, पाच माणसांचं.

राजवीर उठला. अन्नाला नमस्कार करून, हात धुऊन, तो बाहेर गेला.

*

कृष्णातने त्याला फाटकापाशी गाठलं. गल्लीत आता गर्दी वाढली होती.

"राजवीर. ऐक तरी."

"ऐकतोय की."

"माझं चुकलं."

"ते जाऊ दे, दादा. एक सांगा. कामात मी शेवटचा हाय?"

"न्हाय. पहिल्या तिघांत हाईस. क्लायंटनं दोनदा तुझं नाव घेऊन कौतुक कळवलंय."

"मला कधी सांगितलं न्हाई."

"म्हटलं, घरचाच हाय..."

"घरचाच हाय." राजवीरने ते शब्द तपासून पाहिल्यासारखे उच्चारले. "लोक काय म्हणतील म्हणून एक दिलात. लोक माझ्याशी बोलतच न्हाईत, दादा. तुमचा भाऊ म्हणून. त्यांचा एक ग्रुप हाय, त्यात आपण दोघंच न्हाई. ठाऊक हाय तुम्हाला? त्यांना वाटतंय मी तुमच्या आड सुरक्षित बसलोय."

कृष्णातला ते ठाऊक नव्हतं. आपल्याला वगळून माणसं एकत्र येतात, याची त्याला साहेब म्हणून सवय होती. पण त्या वगळण्यात आपल्यासोबत आणखी कुणी आहे, आणि तो रोज आपल्या शेजारच्या सीटवर बसून कोल्हापूरला येतो, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"अजून बदलता येतंय," तो घाईने म्हणाला. "उद्या दहापर्यंत. सकाळी मेल टाकतो. तुझं नाव काढतो."

"आणि?"

"आणि काय?"

"माणसं तेवढीच पाहिजेत म्हणालासा. माझं काढून कुणाचं घालणार?"

गल्लीच्या तोंडाशी, माणसांच्या डोक्यांवरून एक हात वर झाला. महांतेश येत होता. कपाळावर अबीर, हातात लाल प्लास्टिकचा एक बाहुलीचा पाळणा, तो गर्दीत मोडू नये म्हणून उंच धरलेला. त्याने दोघांना एकत्र उभं पाहिलं आणि तिथूनच हसला.

राजवीरने त्याच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. कृष्णातने नजर खाली वळवली, आणि तेवढ्यावरून राजवीरला नाव कळलं.

"त्याची आई आजारी होती तवा दोन दिला मी," कृष्णात पुटपुटला. "दुसरं कुणी न्हाय त्या खालच्या ओळीत. मला दोघंही सारखेच हायत, खरं सांगतो. काकी आत बसल्यात, त्यांच्यासमोर मी कसा जाऊ? तू म्हण. तू म्हणशील तसं करतो. बदल म्हणालास तर बदलतो. असू दे म्हणालास तर..." त्याने मागे घराकडे पाहिलं. "माझ्या एकट्याच्यानं न्हाय होत हे. तू एक शब्द बोल."

राजवीरने फाटकाची कडी काढली. क्षणभर त्याचा हात कडीवर राहिला आणि कृष्णातला वाटलं, तो आता बोलेल. हो किंवा नाही, शिवी, काहीही चाललं असतं.

"राजवीर, सांगून जा. बदलू काय?"

राजवीर फाटकाबाहेर पडला. गर्दीतून वाट काढत तो महांतेशकडे चालू लागला. कृष्णातने पुन्हा हाक मारली. आजूबाजूच्या दोन-तीन अनोळखी माणसांनी वळून पाहिलं. राजवीरने पाहिलं नाही.